टोनरचे प्रयोजन

चेहरा साबणाने वा फेसवॉशने धुऊन झाल्यावर आणि त्यावर क्रीम लावण्यापूर्वी, मधल्या अवकाशात जो पाण्यासारखा पातळ द्रव कापसाच्या बोळ्याने किंवा तळहाताने लावला जातो, त्या टोनरला गेल्या काही वर्षांत शहरांतील आणि आता तालुक्याच्या गावांतीलही तरुण मुलामुलींच्या प्रसाधनात असे स्थान मिळाले आहे की, तो नसेल तर चेहऱ्याची निगा अपुरी राहते, असा समज दृढ होऊन बसला आहे. ज्या घरात महिन्याचा जमाखर्च काटेकोरपणे मांडावा लागतो, त्या घरातील मुलगीही आपल्या खाऊच्या पैशांतून ही बाटली आणते, आणि ती कशासाठी आणली असे विचारले असता, सगळ्याच आणतात, यापलीकडे तिला खुलासा करता येत नाही. या प्रश्नाचे नीट उत्तर तिला मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, टोनर ही एका विशिष्ट अडचणीवर काढलेली तोड होती. ती अडचण बहुतांशी दूर झाल्यावरही तोड मात्र नित्याचा शिरस्ता म्हणून शिल्लक राहिली. आणि म्हणून आज टोनर कोणत्या कामासाठी घ्यावयाचा हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो विकत घेऊ नये.

हे म्हणणे पटावयाचे तर प्रथम त्वचेची रचना ध्यानात घ्यावी लागेल. मनुष्याच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याची जाडी चेहऱ्यावर मिलिमीटरच्या एकदोन शतांशांहून फारशी अधिक नसते, तो मृत पेशींचा बनलेला असतो. परंतु या चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असून त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले यांचा चुन्यासारखा लेप भरलेला असतो, आणि या बांधणीमुळेच शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही व बाहेरचे जंतू आणि दाहक द्रव्ये सहजासहजी आत शिरत नाहीत. या थराचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो. शेतकरी आपल्या मातीचा जो सामू तपासून घेतो, तोच सामू निरोगी त्वचेवर मोजला तर तो साधारणपणे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान भरतो. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्वचा किती आम्ल आहे याची कल्पना येईल. 1928 मध्ये हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी या स्थितीला आम्लकवच असे नाव दिले, आणि पुढील संशोधनाने हे स्पष्ट झाले की, वर सांगितलेला लेप तयार करणारी विकरे आम्ल वातावरणातच नीट काम करतात, उलट सामू वाढला म्हणजे पेशींमधील सांधे तोडणाऱ्या विकरांना जोर चढतो आणि त्वचा कोरडी व चरचरीत होऊ लागते.

आता साबण पाहा. तेल आणि तीव्र अल्कली यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या खऱ्या साबणाचा सामू साधारण 9 ते 10 असतो. तेव्हा त्याने चेहरा धुतला की मळाबरोबर त्वचेचा स्निग्धांशही निघून जातो आणि पृष्ठभागाची आम्लता काही काळ नाहीशी होते. निरोगी त्वचा ती काही तासांत स्वतःच्या बळावर पुन्हा प्राप्त करून घेते, हे खरे. पण दिवसातून तीनचार वेळा साबण लावणाऱ्याला ती उसंत मिळत नाही. त्यातून पाणी दुष्फेन असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतील, तर साबण त्या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो. दख्खनच्या पठारावर ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी येते, त्यांना हा साका बादलीच्या काठावर आणि मोरीच्या फरशीवर रोज दिसतो. तोच चेहऱ्यावरही बसतो, आणि धुतल्यानंतर त्वचा ओढल्यासारखी, ताठर वाटते तिचे एक कारण हे आहे. अशा चेहऱ्यावरून किंचित आम्लधर्मी द्रवाने भिजवलेला कापूस फिरवला तर तो साका निघतो आणि त्वचेला आपला सामू परत मिळवण्यास थोडे साहाय्य होते. टोनरचे मूळ प्रयोजन हे, आणि ते अगदी रास्त होते.

या प्रयोजनाला दुसरीही एक बाजू होती, आणि ती पाश्चात्त्य प्रसाधनाच्या इतिहासात सापडते. ज्या स्त्रियांना साबण सोसत नसे, त्या कोल्ड क्रीमने चेहरा पुसत. मेण, तेल आणि गुलाबपाणी यांचे हे मिश्रण दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याच्या नावावर चालत आले आहे. क्रीमने मळ निघे, परंतु तेलाचा एक थर मागे राही, आणि तो उतरवण्यासाठी अल्कोहोल असलेला किंवा तुरट वनस्पतींच्या अर्काचा द्रव लागे. अमेरिकेत विच हेझल या झुडपाचा अर्क थेरॉन पाँड याने 1846 पासून औषध म्हणून विकावयास काढला, आणि पुढे अशा तुरट अर्कांना प्रसाधनाच्या मेजावर कायमची जागा मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ आर्डेन यांनी आपल्या सौंदर्यगृहांतून चेहरा स्वच्छ करणे, टोन करणे आणि त्याला पोषण देणे असा तीन पायऱ्यांचा क्रम रूढ केला. आणि 1968 मध्ये क्लिनीक या नाममुद्रेने, नॉर्मन ऑरेंट्राइख या त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, साबण, अल्कोहोलयुक्त द्रव आणि मॉइश्चरायझर असा तीन बाटल्यांचा संच बाजारात आणून त्या क्रमाला वैद्यकाचा दाखला मिळवून दिला. तेव्हापासून ही त्रयी जगभर पाठ झाली, आणि आज आपल्याकडील मुलगी जो क्रम पाळते तो तिला या मार्गाने येऊन पोहोचलेला आहे.

परंतु दरम्यानच्या काळात पहिली पायरीच बदलली, याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. 1957 मध्ये अमेरिकेत डव्ह ही वडी आली. ती रूढ अर्थाने साबण नव्हती, तर सौम्य कृत्रिम क्षालक द्रव्यांची बनवलेली होती, आणि तिचा सामू साबणाहून पुष्कळ खाली, उदासीनाच्या आसपास होता. त्यानंतर याच तत्त्वावर तयार झालेले नाना प्रकारचे फेसवॉश निघाले, ज्यांचा सामू त्वचेच्या सामूशी जुळता ठेवता येतो, जे दुष्फेन पाण्यातही साका धरत नाहीत आणि जे धुतल्यावर तेलाचा थर मागे ठेवीत नाहीत. ज्याने असा सौम्य फेसवॉश स्वीकारला, त्याच्या चेहऱ्यावर साबणाचा साका उरत नाही, कोल्ड क्रीमचे तेल उरत नाही आणि आम्लतेचाही फारसा भंग होत नाही. मग ज्या अपायाच्या निवारणासाठी टोनर जन्माला आला, तो अपायच घडला नसताना त्याचे निवारण कोणत्या न्यायाने करावयाचे? आणि जो अजूनही वडीच्या साबणाने चेहरा धुतो त्याला माझी शिफारस अशी की, साबणाच्या जोडीला टोनर घेण्याऐवजी साबणच बदलावा; एका बाटलीच्या खर्चात दोहोंचे काम भागते.

येथे कोणी जपान आणि कोरियाचे उदाहरण पुढे करील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. जपानातील केशोसुई ही परंपरा पाश्चात्त्य टोनरहून स्वतंत्र आहे. एदो काळातील विनोदी लेखक शिकितेई सांबा हा 1811 च्या सुमारास आपल्या दुकानातून ‘एदोचे पाणी’ या नावाचे मुखप्रक्षालन विकत असे. दोडक्याच्या कुळातील घोसाळ्याच्या वेलीचे पाणी चेहऱ्याला लावण्याची प्रथा तेथे जुनी आहे. आणि 1872 मध्ये टोकियोच्या गिंझा भागात औषधालय म्हणून सुरू झालेल्या शिसेइडो या संस्थेने 1897 मध्ये युडरमिन नावाचे जे प्रसाधनजल काढले, ते तिच्या अगदी आरंभीच्या सौंदर्यप्रसाधनांपैकी होय. या सर्व द्रवांचा हेतू पुसून काढणे हा नसून त्वचेला ओलावा देणे हा आहे. तेव्हा एकाच नावाखाली दोन भिन्न कुळांतील वस्तू आपल्या बाजारात आल्या आहेत. पहिली तेल काढून घेणारी, दुसरी पाणी देणारी. आणि कोरड्या त्वचेच्या माणसाने नाव पाहून पहिली उचलली तर त्याला तिचा उपद्रवच व्हावयाचा.

आपल्याकडेही या दोन्ही कुळांतील द्रव्ये पूर्वापार आहेत. न्हाव्याच्या पेटीतील तुरटी ही तुरट वर्गातील. दाढी झाल्यावर ती ओल्या गालावर फिरवली म्हणजे तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षाराने पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात आणि वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमेतून येणारे रक्त थांबते. तिचे काम नेमके आहे आणि ते झाल्यावर ती पेटीत परत जाते. निष्कारण रोज सकाळ-संध्याकाळ तुरटी चेहऱ्याला चोळावी असे कोणत्याही अनुभवी कारागिराने कधी सांगितले नाही. गुलाबपाणी हे दुसऱ्या बाजूचे. कनौज आणि गाझीपूर येथे तांब्याच्या देगेत गुलाबाच्या पाकळ्या उकळून, वाफ भपक्यात थंड करून ते काढले जाते. मंगलकार्यात गुलाबदाणीतून शिंपडले जाणारे हे जल सुगंधी, शीतल आणि सामान्यतः निरुपद्रवी आहे. मात्र त्यात त्वचेला ओलावा धरून ठेवण्यास लावणारे असे फारसे काही नाही, शुद्ध असेल तर ते उघड्या बाटलीत लवकर बिघडते, आणि त्याच्या सुगंधातील जिरॅनिऑलसारखी द्रव्ये काही जणांना ॲलर्जीचा त्रास देतात, एवढे जाणून ते वापरावे.

टोनरविषयीच्या ज्या दाव्याने सर्वांत अधिक ग्राहक जोडले तो म्हणजे रंध्रे बंद करण्याचा. त्वचेवरील रंध्र म्हणजे केसाच्या आणि तेलग्रंथीच्या नलिकेचे तोंड. त्याला उघडझाप करणारा स्नायू नाही, त्यामुळे ते वाफेने उघडत नाही आणि गार द्रवाने मिटतही नाही. त्याचा आकार तेलग्रंथी किती तेल स्रवते, सभोवतालच्या त्वचेचा ताठरपणा वयाने आणि उन्हाने किती कमी झाला आहे, आणि माणूस कोणत्या कुळात जन्मला आहे, यांवर ठरतो. अल्कोहोल उडून जाताना गारवा देते, तुरट द्रव्य भोवतालची त्वचा घटकाभर आवळते, आणि या दोन संवेदनांनाच आपण परिणाम समजतो. तेलकट चेहऱ्यावर अल्कोहोलने तेवढ्यापुरते तेल उतरते, हे मी नाकारीत नाही. परंतु वारंवारच्या वापराने विटांमधला तो चुनाही उतरू लागतो, आणि मग त्वचा तेलकट असूनही सोललेली व दुखरी होते.

याउलट ग्लिसरीन, पॅन्थेनॉल किंवा हायलुरॉनिक ॲसिड असलेल्या टोनरच्या बाजूने न्याय्यपणे काही सांगितले पाहिजे. ही द्रव्ये पाण्याला धरून ठेवतात, आणि धुतलेल्या चेहऱ्यावर ती लावून लगेच वर क्रीम लावले तर ओलावा अधिक काळ टिकतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, किंवा वातानुकूलित कचेरीत दिवस काढणाऱ्या माणसाला याचा उपयोग होऊ शकतो. परंतु त्यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ही की, वरून क्रीम लावले नाही तर ते पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि लाभ उरत नाही. दुसरी ही की, चेहरा धुतल्यावर तो अर्धवट ओला असतानाच, काही मिनिटांच्या आत, चांगले मॉइश्चरायझर लावले तर तेच कार्य पुष्कळ अंशी साधते. रत्नागिरी-मुंबईच्या दमट हवेत तेलकट त्वचेच्या मनुष्याला जड क्रीम सोसत नाही, त्याच्यासाठी मात्र असा हलका द्रव हाच मॉइश्चरायझर ठरू शकतो, आणि तेथे तो जरूर घ्यावा.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी, म्हणूनच सर्वांत जपून वापरण्याचा वर्ग आम्लयुक्त टोनरचा. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्यामुळे रंध्रात उतरून साचलेला मळ सैल करते, आणि काळ्या पुटकुळ्या व सौम्य मुरुमांवर ते खरोखर गुणकारी आहे. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ले मृत पेशींचे सांधे सोडवून त्वचा गुळगुळीत करतात. ही औषधाच्या सीमेवरील द्रव्ये आहेत. अमेरिकेतील प्रसाधनघटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने ग्राहकांच्या नित्य वापरासाठी ग्लायकोलिक आम्लाचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक नसावे, द्रवाचा सामू साडेतीनहून कमी नसावा आणि सोबत उन्हापासून संरक्षण असावे, अशी मर्यादा घातली, ती यासाठीच. कारण या आम्लांमुळे त्वचा उन्हाला अधिक नाजूक होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या लोकांना तर आणखी एक धोका आहे: आपल्या त्वचेत मेलॅनिन विपुल असल्यामुळे कोणताही दाह शमताना मागे काळा डाग ठेवून जाऊ शकतो, आणि तो जावयास महिनोन्महिने लागतात. डाग घालवण्यासाठी रोज आम्ल लावावे, त्याने आग व्हावी, आणि आगीने नवा डाग पडावा, या चक्रात सापडलेली मुले-मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. घरी लिंबाचा रस चेहऱ्याला लावणे हे त्याहूनही वाईट. त्याचा सामू 2 च्या आसपास असतो, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

वयाचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या त्वचेला मृत पेशी सोडवणाऱ्या आम्लाची गरज नसते, ती त्वचा आपले नूतनीकरण स्वतः वेगाने करीत असते. तरीही मोठ्यांसाठी तयार केलेल्या या बाटल्या तिच्या हाती पडत आहेत. स्वीडनमधील आपोतेक यार्टात या औषधालयांच्या साखळीने 2024 मध्ये अशी आम्ले व अ जीवनसत्त्वाची द्रव्ये असलेली प्रसाधने पंधरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून न विकण्याचा निर्णय घेतला. सरकारी फर्मानाची वाट न पाहता विक्रेत्यानेच स्वतःवर घालून घेतलेला हा निर्बंध मला अनुकरणीय वाटतो, आणि आपल्याकडील औषधविक्रेत्यांनीही अशी तजवीज करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

माझ्या म्हणण्यावर दोन हरकती घेतल्या जातील. पहिली अशी की, धुतलेल्या चेहऱ्यावरून टोनरचा कापूस फिरवला तर तो मळतो, म्हणजे टोनर आवश्यकच नव्हे काय? तो मळतो याचा अर्थ एवढाच की, धुण्याचे काम अपुरे झाले किंवा सनस्क्रीनचा थर शिल्लक राहिला. त्यावर उपाय म्हणजे फेसवॉश नीट, पुरेसा वेळ लावून धुणे. शिवाय कापसाच्या घर्षणाने थोड्या मृत पेशी निघणारच, आणि त्यांना मळ समजणे चुकीचे आहे. दुसरी हरकत अधिक मनुष्यस्वभावाला धरून आहे: टोनरचा गार स्पर्श सुखावतो, दिवसाच्या शिणानंतर स्वतःसाठी दोन मिनिटे मिळतात, त्याला काही मोल नाही काय? अवश्य आहे. ज्याला ते सुख हवे आणि परवडते त्याने ते जरूर घ्यावे. माझा विरोध त्या सुखाला नाही. जी वस्तू ऐच्छिक आहे ती अनिवार्य म्हणून विकली जाते, आणि न घेणाऱ्या मुलीला आपल्या चेहऱ्याची हेळसांड होत असल्याचा न्यूनगंड वाटू लागतो, त्या प्रकाराला आहे.

या प्रकाराचा बंदोबस्त केवळ उपदेशाने होणार नाही. त्याला कायद्याचेही पाठबळ हवे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि त्याखालील 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार कोणत्याही प्रसाधनाने खोटा वा दिशाभूल करणारा दावा करू नये आणि वेष्टनावर घटकांची यादी द्यावी, असे बंधन आहे. एक टक्क्याहून अधिक प्रमाणातील घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. वाचकांनी ही यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी. तिच्यात पाण्याच्या खालोखाल अल्कोहोल दिसले तर बाटलीवर फुले कितीही रंगवलेली असोत, ती कोरड्या आणि नाजूक त्वचेसाठी नव्हे, हे समजून चालावे. परंतु या यादीत आम्लाचे नेमके प्रमाण आणि द्रवाचा सामू देण्याची सक्ती नाही, आणि 60 मिलिलिटरहून लहान द्रव बाटल्यांना यादीतूनच सूट आहे; वास्तविक विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतात त्या बाटल्या बहुधा लहानच असतात. आम्लयुक्त प्रसाधनापुरती तरी ही सूट काढून टाकावी, प्रमाण आणि सामू दर्शनी भागावर देवनागरीतही छापावा, आणि रंध्रे बंद करण्यासारखे शरीरशास्त्राला सोडून असलेले दावे करणाऱ्यांवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नोटिसा काढाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

तोपर्यंत गृहस्थाने आणि विद्यार्थ्याने खर्चाचा क्रम असा ठेवावा: प्रथम सौम्य फेसवॉश, मग आपल्या त्वचेला मानवेल असे मॉइश्चरायझर, आणि मग दिवसा उन्हात जाणाऱ्याने न चुकता सनस्क्रीन. चेहऱ्याची निगा या तिन्हींनी पुरी होते, आणि यांतले एक जरी नसेल तरी त्याची उणीव टोनरने भरून निघत नाही. हे तिन्ही घेतल्यावर पैसे उरले आणि मुरुम, कोरडेपणा किंवा दमट हवेत क्रीम न सोसणे असे काही ठरावीक कारण असले, तर त्या कारणासाठी योग्य तो टोनर घ्यावा, आम्लाचा असेल तर आठवड्यातून एकदोनदा रात्री लावून पाहावा, आणि त्रास झाल्यास तत्काळ थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कारण सांगता येत नसेल तर ते पैसे सनस्क्रीनकडे वळवावेत. आपल्या देशातील उन्हापासून त्वचेचे जेवढे रक्षण त्या एका खर्चाने होते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही बाटलीने होत नाही.